नळाच्या दिवशी खून

लातूरला खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी मला एकच प्रश्न विचारला. पगार नाही, जात नाही, लग्न झालंय का तेही नाही. पायरीवरच उभा करून म्हणाले, "निरोप नीट सांगता येतो का?"

"कुणाचा?"

"कुणाचा का असंना. ऐकलेलं जसंच्या तसं दुसऱ्याला सांगायचं. मधी आपलं काही घालायचं न्हाई. तुमच्या आधी लोहा होता, त्यो निम्मे शब्द खायचा."

लोहा म्हणजे लोह्याहून आलेला भाडेकरू. मालक माणसांना गावाच्या नावानं हाक मारत. मी मुदखेडचा, म्हणून मी मुदखेड. "मुदखेड, जेवण झालं का?" "मुदखेड आज लवकर सुटलं वाटतं!" त्याला त्यांचा इलाज नव्हता. सगळी नोकरी त्यांनी बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करण्यात घालवली होती. निवृत्त झाले, पण आवाज निवृत्त झाला नाही. सकाळी सहाला खालून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा पुकारा व्हायचा, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. न्हाणीघर रिकामे झालेले आहे. वरच्या मजल्यावरून येणाऱ्यांनी त्वरित आपली जागा घ्यावी." मी टॉवेल खांद्यावर टाकून धावत सुटायचो. पाच मिनिटं उशीर झाला की दारात उभे. "गाडी चुकली. आता माझी दुसरी आंघोळ."

दुसरी आंघोळ ते खरोखर करत.

निरोपाचं प्रकरण पहिल्याच दिवशी उलगडलं. ओसरीवर मालक पेपर वाचत होते, मी समोर बसलो होतो आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तिघांमध्ये मिळून चार हातांचं अंतर नसेल. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, चहा निवायलाय."

मी मालकांकडे बघितलं. मालक माझ्याकडे बघत होते. त्यांना ऐकू आलेलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखा भाव होता. शेवटी मीच म्हणालो, "काका, चहा निवायलाय."

"तिला सांगा, आलो."

"काकू, आले."

असं त्या घरात कैक वर्षं चाललं होतं. लोह्यानं केलं, लोह्याच्या आधीच्यानं केलं, आता मी करू लागलो. कारण विचारलं तर मालकांची हकिकत लांबलचक होती आणि काकूंची एका वाक्याची. मालक सांगत की घोषणेच्या खोलीत बसून ते बहिणीशी फोनवर बोलत होते. बोलता बोलता वरणाचा विषय निघाला आणि त्यांच्या तोंडून गेलं की हिच्या हातच्या वरणात वाटीचा तळ दिसतो, टाकलेला रुपया सापडंल. माईकचं बटण चालूच राहिलं होतं. वाक्य सगळ्या बसस्थानकावर गेलं. लोक हसले, एका गाडीच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. "चूक बटणाची," मालक म्हणायचे. "बटण ढिलं होतं. मी तसा अर्जसुद्धा दिलता."

काकू म्हणायच्या, "भाऊ, माझा भाऊ औशाच्या फलाटावर हुता."

त्या दिवसापासून काकू त्यांच्याशी थेट एक शब्द बोलल्या नव्हत्या. भांडल्या नाहीत, माहेरी गेल्या नाहीत. वरणसुद्धा तसंच करत राहिल्या. फक्त मध्ये एक भाडेकरू ठेवला.

पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीनं भिंतीवर लावायचा मोठा टीव्ही पाठवला आणि मालकांच्या आयुष्यात खुनी शिरले. पहिल्यांदा त्यांनी चुकूनच तसला पिक्चर लावला. जंगलातलं घर, त्यात मुक्कामाला आलेली पोरं आणि त्यांना एकेक करून कापणारं एक कुटुंब. मी वरून खाली आलो तर मालक टीव्हीपुढं मांडी घालून, जेवणाचं ताट तसंच मांडीवर ठेवून बसलेले. संपल्यावर म्हणाले, "मुदखेड, काय शिस्त हाय हो या माणसांची!"

त्यानंतर रोज दुपारी एक पिक्चर. मालकांना भुतं चालत नसत. "भुताला काम काय करावं लागतंय? दिसलं की झालं. खुन्याला मेहनत हाय." करवतीवाले, कुऱ्हाडीवाले, मुखवटेवाले, सगळे त्यांनी बघून टाकले आणि त्यातून स्वतःचं एक शास्त्र तयार केलं. ते मला पाठ आहे, कारण ते काकूंपर्यंत पोचवायची जबाबदारी माझी होती.

"या पिक्चरमधी सगळ्यात वाईट कोण? पोलीस. कधी वेळेवर येत न्हाईत. हिरो वाईट, बॅटरी विसरतंय. हिरोइन वाईट, पळायचं सोडून मागं बघती. एकटा खुनी तेवढा वेळेवर येतो, आपलं हत्यार आपण आणतो आन् काम झालं की जातो. तरी पिक्चर कुणाचं? मरणाऱ्यांचं! अरे, मरणारा येतो आन् जातो. त्यो प्रवासी हाय. खुनी म्हणजे स्टाफ. पिक्चर स्टाफचं पाहिजे."

मी आत जाऊन सांगितलं, "काकू, काका म्हणतायत पिक्चर स्टाफचं पाहिजे."

काकू म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, दळण आणायचंय."

तर स्टाफचा पिक्चर कुणी काढत नाही म्हणून मालकांनी स्वतःच काढायचं ठरवलं. गोष्ट साधी होती. एक म्हातारं जोडपं खोली भाड्यानं देतं, भाडेकरू येतो, त्याला मारतात, पुन्हा पाटी लावतात. पिक्चरचं नावही पाटीवरचंच, 'खोली रिकामी आहे'. पोलीस नाही, हिरो नाही, गाणं नाही. म्हातारा खुनी अर्थातच मालक.

मी एकदा विचारलं, "काका, पण हे कशासाठी?"

मालकांनी चष्मा काढून पुसला. मग घोषणेच्या आवाजात नाही, साध्या आवाजात म्हणाले, "बत्तीस गावांच्या गाड्या मी सांगितल्या, मुदखेड. रोज. सगळं सांगून झालं की माणूस खिडकीशी येऊन विचारायचं, औशाची गाडी कुठं लागली हो? सगळ्यांच्या कानावर पडलो, पण ऐकलं कुणीच न्हाई. एक तासभर लोकांनी माझ्याकडं बघत गप बसावं. घाबरून का व्हईना."

कॅमेऱ्यासाठी मी नांदेडहून माझ्या ओळखीच्या रफिकभाईंना बोलावलं. रफिकभाई लग्नाचं शूटिंग करायचे; ते माझ्याच खोलीत मुक्कामाला राहिले. माणूस कसबी, पण हात लग्नाला बसलेला. मालक कुऱ्हाड उगारून उभे राहिले की रफिकभाई सवयीनं म्हणायचे, "काका, थोडं हसा. मान जरा काकूंकडं." एका दिवशीचं शूटिंग त्यांनी जोडून दाखवलं तेव्हा माझ्या मुंडक्याभोवती गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. "रहने दो ना काका, फुकट मिलती है," असं त्यांचं म्हणणं.

मुंडकं माझंच का, तर मरायला दुसरं कुणी तयार झालं नाही. शेजारच्या पोरांनी होकार दिला होता, त्यांच्या आयांनी मोडता घातला. "जित्या पोरांनी मेल्याचं सोंग कशाला?" शेवटी सगळे भाडेकरू मीच झालो. एकदा टोपी घालून मेलो, एकदा चष्मा लावून, एकदा मफलर गुंडाळून, एकदा मिशी काढून. मालक म्हणाले, "लोक खुन्याकडं बघणार. मरणाऱ्याचं तोंड कोण बघतंय?"

म्हाताऱ्या खुनीणीसाठी आधी गल्लीतल्या एका बाईला विचारलं होतं. भजनी मंडळात त्या फुगडी चांगली घालायच्या, एवढीच त्यांची पात्रता. हे काकूंच्या कानावर गेलं. संध्याकाळी मी खालून जात असताना त्यांनी मला थांबवलं. कणिक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, माझ्या स्वयंपाकघरात दुसरी बाई येऊन खून करणार न्हाई."

मी निरोप पोचवला. मालकांनी पेपर खाली ठेवला, पुन्हा उचलला, उलटा धरला. "तिला सांगा," ते म्हणाले, "पाठांतर करावं लागंल."

"त्यांना म्हणावं, बघू."

आता रक्ताचा प्रश्न आला. साखरेच्या पाकात खायचा लाल रंग घालून मालकांनी पातेलंभर रक्त केलं. दिसायला उत्तम. पण मी फरशीवर मरून पडलो की थोड्या वेळानं मुंग्या यायच्या. आधी कानाजवळ, मग मानेवर. रफिकभाई ओरडायचे, "मय्यत हिल रही है!" मालक ओरडायचे, "मुदखेड, मेलाय तुम्ही!" मी म्हणायचो, "मेलोय, पण चावायल्यात."

आणि त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा. लातूरचा नळ रोज येत नाही. आठ-दहा दिवसांनी येतो, कधी त्याहूनही उशिरा. एक खून झाला की फरशी, भिंत, माझे कपडे, काकूंचं लुगडं, सगळं धुऊन-पुसून काढायचं. काकूंनी पहिल्याच खुनानंतर कायदा घालून दिला, "नळ आल्याबिगर खून न्हाई." त्यामुळं त्या पिक्चरचं शूटिंग महानगरपालिकेच्या वेळापत्रकावर चाललं. गल्लीत कुणी तरी "नळ आलाऽऽ" म्हणून ओरडलं की बायका हंडे घेऊन पळत आणि मी मफलर शोधत पळत असे. शूटिंग भरदिवसा, खिडक्यांना सतरंज्या लावून. मालकांना नऊला झोप यायची, त्यामुळं रात्रीचा पिक्चरसुद्धा दुपारीच काढावा लागला.

पहिल्या खुनाचा दिवस मी विसरणं शक्य नाही. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला येतो, मागून काकू येतात, माझ्या पाठीत सुरा घालतात, मी पडतो. मग मालक दारातून येऊन म्हणतात, "झालं का गं?" त्यावर काकूंनी म्हणायचं, "झालं. तुम्ही पाय धरा." एवढंच. मालकांनी आदल्या दिवशी ते मोठ्या अक्षरात लिहून माझ्याकरवी आत पाठवलं होतं.

मी पाणी प्यायलो. काकू आल्या. त्यांनी अभिनय वगैरे काही केला नाही. भोपळा चिरायला घ्यावा तशा आल्या, पदर खोचला आणि पत्र्याचा खोटा सुरा माझ्या पाठीला लावला. मी पडलो तर माझी एक चप्पल लांब उडाली. ती त्यांनी उचलली आणि दुसरीशेजारी नीट जोडून ठेवली. हे कागदावर नव्हतं. कॅमेऱ्यामागं रफिकभाईंनी "अल्ला" म्हटलेलं मला ऐकू आलं.

मालक आले. "झालं का गं?"

काकू गप्प. मालकांनी घसा खाकरला. "झालं का गं?"

नळाचं पाणी टाकीत पडत होतं तेवढाच आवाज. मग काकू माझ्याजवळ वाकल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, पाय धरा."

मी मेलेलो होतो. पण सवय वाईट. एक डोळा उघडून मी म्हणालो, "काका, पाय धरा."

मालकांचा चेहरा लालभडक. पण सवय त्यांनाही होतीच. "तिला सांगा, धरलेत."

"काकू, धरलेत," म्हणून मी पुन्हा मेलो.

मला वाटलं आता कुऱ्हाड खरोखर डोक्यात बसणार. मालक कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाले, ओसरीवर जाऊन बसले. मी आणि रफिकभाई दाराशी उभे. तिथूनच ते म्हणाले, "राहू द्या. असंच ठेवायचं."

"असंच? काका, लोकांना ते..."

"मुदखेड, तुम्हाला काय वाटतं, भीती कशाची वाटती? कुऱ्हाडीची? ज्या घरात नवरा-बायको एकमेकांशी बोलत न्हाईत, तिथं दिवाबत्तीच्या टायमाला बसून बघा." आणि मग, जणू मला माहीतच नसावं अशा थाटात, "मी ऱ्हातो न तिथं."

मग सगळ्याच खुनांत दोघं मरणाऱ्यामार्फत बोलले. मी मरता मरता निरोप दिले. एकदा तर मुंडकं उडाल्यावरही एक निरोप द्यावा लागला, तो रफिकभाईंनी हुशारीनं माझं धड पडद्याआड ठेवून घेतला. शूटिंगच्या त्या दिवसांत मला एक गोष्ट दिसायला लागली होती. मालक आपलं काम झालं की जात नसत. काकूंचा नुसता एकटीचा भाग असला तरी दाराआड उभे राहून बघत. एकदा काकू सुरा धुऊन, पुसून, खिळ्याला लावून, मग हात पुसत खिडकीबाहेर बघतात असा प्रसंग होता. रफिकभाईंनी कॅमेरा बंद केला तरी मालक तिथंच. माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "हिच्यापुढं मी म्हणजे नुसता आवाज हाय हो." हा निरोप कुणी मला सांगायला सांगितला नव्हता, म्हणून मी सांगितला नाही.

पिक्चर दाखवायला एक मंगल कार्यालय मिळालं. त्या रविवारी मुहूर्त नव्हता म्हणून रिकामं होतं, पण आदल्या दिवशीच्या लग्नाची सजावट तशीच. पडद्याच्या दोन्ही बाजूंना झेंडूच्या माळा, वर थर्माकोलचं 'शुभमंगल सावधान'. सकाळी अकराला माणसं जमली. बसस्थानकावरचे जुने सोबती, गल्लीतले लोक, औशाहून काकूंचे तेच भाऊ सहकुटुंब. मालकांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. पहिल्या रांगेत एकटेच बसले, हात मांडीवर ठेवून. काकू बायकांत, मागं. मी कडेला उभा.

पहिली दहा मिनिटं लोक खरंच गप्प होते. काकू चपला जोडून ठेवतात तिथं एक लहान मूल रडायलासुद्धा लागलं. मालकांनी किंचित मान वळवून त्या रडण्याकडे बघितलं. इतका सुखावलेला माणूस मी पाहिला नव्हता.

मग काकू पडद्यावर म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, पाय धरा."

मी डोळा उघडला आणि कार्यालय फुटलं.

बसस्थानकावरचे लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. त्यांना माईकची गोष्ट ठाऊक होती, सगळ्या लातूरला ठाऊक होती. दुसऱ्या खुनाला मी चष्मा लावून खोली मागायला आलो तेव्हा मागून कुणी ओरडलं, "अरे, हे तर मघाशीच मेलंय!" मफलरला टाळ्या पडल्या. मुंडक्यानं निरोप दिला तेव्हा औशाचे मेहुणे खुर्चीवरून घसरले आणि तिथंच बसून डोळे पुसू लागले.

मालक काही वेळानं उठले, भिंतीच्या कडेकडेनं मागं गेले आणि रचून ठेवलेल्या खुर्च्यांपाशी तोंड फिरवून उभे राहिले. पडद्यावर त्यांचाच आवाज घुमत होता आणि दर वाक्याला लोक हसत होते. पांढऱ्या शर्टाची पाठ तेवढी दिसत होती. मला जवळ जावंसं वाटलं, पण जाऊन सांगायचं काय? माझ्यापाशी कुणाचाच निरोप नव्हता.

तेवढ्यात बायकांतून काकू उठल्या. वाट काढताना प्रोजेक्टरच्या उजेडातून गेल्या, त्यांची सावली पडद्यावरच्या त्यांच्याच चेहऱ्यावर पडली. लोकांना तेही गमतीचं वाटलं. त्या खुर्च्यांकडे चालल्या तसा मी सवयीनं धावलो आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

"भाऊ," काकू मला म्हणाल्या, "सरका जरा."

मी सरकलो.

"चला घरी," त्या म्हणाल्या.

मालकांनी वळून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग आपल्या मागं कुणी आहे का ते बघितलं. मागं खुर्च्याच होत्या.

"तुमालाच म्हणलं," काकू म्हणाल्या. "बहिरे झालाव का? चला. यांना हसू द्या खुशाल."

पिक्चर चालू ठेवून आम्ही तिघं बाहेर पडलो. बाहेर रखरखीत ऊन. मी रिक्षा थांबवली, पुढं ड्रायव्हरजवळ बसलो. मागं ती दोघं. मी मागं बघायचं नाही असं ठरवून समोरच्या काचेकडं बघत बसलो होतो.

मालकांचा आवाज आला, इतका बारीक की मला वाटलं ड्रायव्हरच बोलला. "लई वाईट झालं का गं?"

"न्हाई," काकू म्हणाल्या. "चांगलं काढलं."

"कुणीच भ्यालं न्हाई."

"मी भ्याले की."

"तू? कवा?"

"लोक हसाया लागले तवा. तुमच्या तोंडाकडं बघून."

रिक्षा सिग्नलला थांबली. सिग्नल सुटला, रिक्षानं वळण घेतलं, आणि मग त्यांचा घसा खाकरण्याचा आवाज आला.

"मग पिक्चर भीतीचंच झालं म्हणायचं," ते म्हणाले. "एक माणूस तरी भ्यालं न."